हार्थबरोची खरी उंची

हार्थबरो डोंगराची उंची किती, या एका प्रश्नाने जोथम फॉसेट मास्तरांच्या आयुष्याची पस्तीस वर्षे घेतली होती. सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी सकाळी, खोकल्याची उबळ ओसरल्यावर उशीवर निपचित पडलेल्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना त्यांची धाकटी बहीण डॉर्कस हिला कळून चुकले, की उत्तरासाठी आता वर्षे उरलेली नाहीत, आठवडेही नाहीत. हाती आहेत ते काही प्रहर.

"पाऊस नाही ना?" मास्तरांनी डोळे न उघडताच विचारले.

"पाऊस नाही. पण डोंगरानं ढगांची टोपी घातलीय."

"दहापर्यंत काढेल. पाऱ्याची नळी कशी नेणार?"

"उलटी. पाठीवर बांधून, उलटी. जोथम, तुझ्याबरोबर मी हे बारा वेळा केलंय."

"तेरा."

"बरं, तेरा. तेराव्या वेळी तुझा पाय मुरगळला होता, आणि नळी अन् तू, दोघांनाही मीच खाली आणलं होतं."

मास्तर हसले आणि त्या हसण्याची किंमत म्हणून पुन्हा बराच वेळ खोकले.

केल्डसाइड गावाच्या ईशान्येला हार्थबरो उभा आहे. त्याच्याकडे पाहिल्यावाचून गावात कोणी दार उघडत नाही आणि कोणी लावतही नाही. इतक्या जवळच्या वस्तूविषयी माणसांनी इतके असत्य लिहून ठेवावे, याचे मास्तरांना तरुणपणापासून नवल वाटत आले होते. त्यांच्या जाड वहीत ती सगळी वर्णने क्रमाने उतरवलेली होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रवाशाने तो पूर्ण एक मैल उंच असल्याचे लिहिले. तो स्वतः कधी सरायीच्या पायरीवरून पुढे गेला नव्हता. त्याच्यानंतरच्या एका धर्मोपदेशकाने माथ्यावरून पूर्वेचा आणि पश्चिमेचा, दोन्ही समुद्र दिसतात असे सांगितले, आणि एक मैल ही उंची मागच्या ग्रंथातून जशीच्या तशी उचलली. एका नकाशाकाराने त्याला शंकूसारखा टोकदार काढला. वस्तुतः हार्थबरोचा माथा एवढा सपाट आहे, की तेथे पूर्वी घोड्यांच्या शर्यती होत. प्रत्येक लेखकाने आधीच्या लेखकावर श्रद्धा ठेवली. डोंगरावर चढून डोंगरालाच विचारावे, असे कोणाला सुचले नाही.

ते सुचले तेवीस वर्षांच्या जोथम फॉसेटला. आणि तेथेच त्याच्या आयुष्याला डाग लागला.

डोंगर बॅरोमीटरने मोजण्याची रीत तशी सोपी आहे. जसजसे वर जावे तसतसा वरच्या हवेचा भार कमी होतो आणि काचेच्या नळीतला पारा खाली उतरतो. पायथ्याशी पारा किती, माथ्यावर किती, आणि दोन्ही ठिकाणी हवा किती उबदार आहे, एवढे कळले की कोष्टकावरून उंची काढता येते. मात्र हवेचा भार घटकाघटकाला बदलत असतो. म्हणून खालची नोंद आणि वरची नोंद एकाच क्षणी झाली पाहिजे. त्यासाठी नळ्या दोन हव्यात आणि माणसेही दोन हवीत. तेवीस वर्षांच्या जोथमपाशी नळी एकच होती. सकाळी त्याने ती पायथ्याशी वाचली, दुपारी माथ्यावर वाचली. मधल्या वेळात पश्चिमेकडून वादळ आले आणि पारा सगळीकडेच कोसळला. खाली काय घडले असेल हे त्याला ठाऊक नव्हते. फारसे काही बदलले नसेल, असा अंदाज करून त्याने तो अंदाज प्रत्यक्ष पाहिल्यासारखा कागदावर लिहिला. परगण्याच्या वर्णनग्रंथात त्याच्या नावासह छापून आले : दोन हजार नऊशे ऐंशी फूट.

सरकारी मोजणीदार त्या भागात आले, तेव्हा त्यांच्या ढोबळ मापावरून आकडा सुमारे सहाशे फुटांनी फुगलेला आहे हे उघड झाले. तेव्हापासून केल्डसाइडमध्ये कशाचीही बढाई मारली, की लोक म्हणत, "हा मास्तरांच्या मापाचा दिसतोय." मोठा मासा, मोठी थाप, मोठे नाक, सगळे मास्तरांच्या मापाचे. शाळेतल्या तीन पिढ्या ते वाक्य शिकूनच बाहेर पडल्या. मास्तर वर्गात कधी चिडले नाहीत. घरी येऊन ते वही उघडून बसत.

आता यॉर्कला त्या वर्णनग्रंथाची नवी आवृत्ती निघत होती. संपादकाचे पत्र आले होते : दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी घेतलेल्या ताज्या नोंदींचा मूळ कागद, निरीक्षकांच्या सह्यांसह, शुक्रवारी निघणाऱ्या गाडीवानाबरोबर आला तर आकडा बदलू, न आल्यास जुने पान आहे तसेच छापले जाईल. मास्तरांच्या जुन्या नळीत हवा शिरली होती, म्हणून तिच्या भरवशावरचा एकही आकडा त्यांनी कधी कोणाला पाठवला नव्हता. लँकेस्टरच्या एका कारागिराकडून त्यांनी दोन उत्तम नळ्या पंधरा दिवसांसाठी मागवल्या. नळ्या आल्या त्याच संध्याकाळी त्यांच्या छातीत पाणी भरू लागले.

म्हणून आज डॉर्कस वर जाणार होती आणि मास्तर खाली, अंथरुणातून, नोंद करणार होते. त्यांचा पलंग दाराजवळ ओढला होता. दाराच्या चौकटीला नळी टांगली होती. हवेचे तापमान पाहण्याची छोटी काचकांडी बाहेर उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत अडकवली होती. दोघांची घड्याळे एकमेकांशी लावलेली होती.

"बारा वाजता आणि एक वाजता," मास्तर म्हणाले. "आणि डॉर्कस…"

"सांग."

"दिसेल ते लिही. नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिही. अंदाज नको."

ती वाकली आणि तिने त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. तो जुना अंदाज साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक होता. लोकांना वाटे, मास्तर चुकले. चूक आणि लबाडी यांत किती अंतर असते, ते पस्तीस वर्षे या घरातली दोन माणसे मोजत आली होती.

"अंदाज नको," ती म्हणाली. "टॅबीला बसवून जाते तुझ्यापाशी. तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस."

---

शेजारची टॅबिथा कॉकेट सत्तरीची होती. तिला अक्षर येत नव्हते, आकडा येत नव्हता. परंतु गावात कोणाच्या घरी जन्म असो की मरण, टॅबीवाचून ते पार पडत नसे.

संध्याकाळी पाचच्या सुमारास डॉर्कस खाली उतरली तेव्हा टॅबी दारातच उभी होती. मास्तरांच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. गावात अशी खिडकी एकाच कारणासाठी उघडतात : गेलेल्या जिवाला वाट मिळावी म्हणून.

"शेवटचं लिहून झालं, त्यानंतर थोड्या वेळानं," टॅबी म्हणाली. "त्रास नाही झाला गं पोरी. खोकला थांबला, मला वाटलं बरं वाटतंय त्याला. बघते तर…"

डॉर्कसने आधी पाठीवरची नळी सोडून कोपऱ्यात नीट उभी केली. मग पलंगापाशी जाऊन बसली. मास्तरांची पेन्सिल त्यांच्या बोटांत तशीच होती. छातीवर कागद होता, आणि त्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरांत दोन ओळी. बाराची नोंद. एकची नोंद.

त्यांनी काम पुरे केले होते. आपल्या वाट्याच्या दोन्ही नोंदी केल्या आणि मगच गेले. हे ध्यानात आले तेव्हा तिच्या डोळ्यांना प्रथम पाणी आले. त्या पाण्यातूनच तिने आकडे वाचले, डोळे पुसून पुन्हा वाचले.

पारा ठीक होता. हवेचे तापमान फॅरनहाइट अंशांत लिहिले होते : सहासष्ट. एक वाजता, सदुसष्ट.

माथ्यावर तिची बोटे गारठून पेन्सिल धरवत नव्हती. केल्डसाइडच्या उत्तर भिंतीवर सप्टेंबराच्या अखेरीस सहासष्ट अंश ऊब कधी कोणी पाहिली नव्हती.

"टॅबी, ती काचेची कांडी कुठे आहे? भिंतीवरची?"

"ती होय." टॅबीने शेगडीकडे बोट दाखवले. शेगडीच्या वर, खुंटीला, ती कांडी टांगलेली होती. "बिचारा दर वेळी उठून बाहेर जायचं म्हणत होता. मी म्हटलं, मास्तर, वेड लागलंय का, या वाऱ्यात? तर मी सरळ आत आणून लावली. त्याला गादीवरून मान वळवली की दिसत होती."

"त्यांनी विचारलं नाही, ती इथे कशी?"

"विचारलं काहीतरी. डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणाला. मी म्हटलं, तुमची कांडीच आहे, वाचा."

डॉर्कसने डोळे मिटले. गेली कित्येक वर्षे मास्तरांची सगळी गणिते तीच करीत आली होती. कोष्टक तिला पाठ होते. खालच्या हवेची ऊब वीस अंशांनी चुकली, तर हार्थबरो सदतीस फुटांनी वाढतो. पुन्हा वाढतो. पुन्हा मास्तरांच्या मापाचा होतो; आणि या वेळी ते मान खाली घालून वर्गात जायलाही नाहीत.

"काय झालं?" टॅबीचा आवाज बारीक झाला. "काय चुकलं माझं?"

डॉर्कसने थोडक्यात सांगितले. टॅबी मटकन स्टुलावर बसली. बराच वेळ तिने हातातला काळा दोरा बोटाला गुंडाळला आणि सोडला. शोकाच्या फिती शिवायला तिने तो काढला होता.

"मग बाहेर जी असेल ती लिही ना," ती अखेरीस म्हणाली. "अठ्ठेचाळीस म्हण, पन्नास म्हण. तुला का कळत नाही गावची थंडी? कोण विचारायला येतंय? तो येणारे का?"

किती सोपे होते ते. अठ्ठेचाळीस लिहिले असते तर आकडा बहुधा पाच-सहा फुटांच्या आतच बरोबर आला असता. पेन्सिल त्यांच्या बोटांतून काढून तिने हातात घेतलीसुद्धा. त्यांच्याच पेन्सिलीने, त्यांच्याच अक्षराचे वळण घेऊन, एका सहाचा चार करायचा आणि दुसऱ्याचा आठ. मग तिची दृष्टी त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर गेली, आणि तिने पेन्सिल खाली ठेवली.

"उद्या बाराला पुन्हा चढते," ती म्हणाली. "खाली तू बघायचंस."

"मी? अगं, मला घड्याळही कळत नाही."

"आकडे नको वाचूस. पारा जिथे असेल तिथे नळीवरून हा काळा दोरा घट्ट बांध. कांडीवरही बांध. मी आले की मोजीन."

"आणि कधी बांधायचा? तू वर, मी इथं. बारा वाजले हे मला कोण सांगणार? कोंबडा?"

केल्डसाइडच्या चर्चला घड्याळ नव्हते. तेथे होती फक्त एक घंटा.

---

घंटा वाजवणारा सायलस राथमेल अंगणातच थांबला होता. मास्तरांची बहीण परत आली की तिची परवानगी घेऊन मृत्यूची घंटा द्यायची, म्हणून तो टोपी हातात घेऊन उभा होता. रीत अशी, की पुरुष गेला तर आधी नऊ ठोके, मग घंटा क्षणभर गप्प, आणि त्यानंतर वयाच्या जितक्या वर्षांचा तितके ठोके. घंटा होईपर्यंत जिवाला घराबाहेरची वाट दिसत नाही, असे गावची जुनी माणसे मानतात; म्हणून दिवस बुडायच्या आत ती वाजावी हे बरे समजतात.

"उद्या?" सायलस म्हणाला. "उद्या बाराला? डॉर्कसबाई, तुम्ही दमलाय. आत जा. मी वाजवतो आणि येतो."

"सायलस, ऐका. घंटा वरपर्यंत ऐकू येते. नऊ ठोके झाले की तुम्ही थांबता. त्या थांबण्यात टॅबी इथे दोरा बांधेल आणि मी वर पारा वाचीन. दोन्ही एकाच क्षणी. दुसरा काही उपाय नाही."

"रविवारची घंटा देतो हवी तर. साधी. कशाला मेलेल्या माणसाची…"

"शुक्रवारी साधी घंटा वाजली तर आग लागली म्हणून अख्खा गाव बादल्या घेऊन धावेल. टॅबी पहिली पळेल."

"हे मात्र खरं," टॅबी दारातून म्हणाली.

सायलसने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे त्या जिवाला रात्रभर घरात कोंडायचं, एका नळीपायी. आणि पुरायच्या आधी सख्खी बहीण उशाशी नाही, तर डोंगरावर. लोक काय म्हणतील?"

"लोक पस्तीस वर्षं म्हणतायत. तुम्हीही म्हणायचात, सायलस. शाळेच्या मागच्या बाकावरून."

डॉर्कसला त्याची दया आली, तरी ती थांबली नाही. थांबण्याइतका वेळ तिच्यापाशी नव्हता.

"गिरणीवाल्या बाई गेल्या तेव्हाची गोष्ट आठवते?" तिने विचारले.

ती गोष्ट सगळ्यांनाच आठवत होती. स्त्रीसाठी सहा ठोके असतात. सायलसच्या हातून त्या दिवशी नऊ गेले. अर्धा गाव गिरणीवाल्याच्या घरी सांत्वनाला धावला, तर दार गिरणीवाल्यानेच उघडले. त्याला अकरा वर्षे झाली होती, आणि अजूनही सरायीत कोणी तरी सायलसला पाहून बोटांनी नऊ दाखवत असे.

"वाजलेली घंटा परत घेता येत नाही," सायलस हळू आवाजात म्हणाला.

"छापलेला आकडाही नाही येत. तुम्हाला जर कोणी म्हटलं असतं, की उद्या एकदाच, त्या बाईंचे सहा ठोके बरोबर वाजवायला मिळतील…"

सायलस उघड्या खिडकीकडे बघत राहिला. दिवस कलला होता आणि गावाच्या शेवटच्या कुंपणाची सावली हार्थबरोच्या दिशेने लांबली होती.

"बारा," तो म्हणाला. "चर्चच्या भिंतीवरच्या सावलीघड्याळावर काट्याची सावली उभी झाली की. ढग असले तर माझ्या पोटाच्या हिशेबानं. पण एकदा दोरी धरली की मी थांबणार नाही. तुम्ही पोचला असाल, नसाल. हे ध्यानात ठेवा."

"ठेवते."

"आणि मास्तर अठ्ठावन्नचे ना? का एकोणसाठ? नीट सांगा."

"अठ्ठावन्न. नाताळात एकोणसाठ झाले असते."

---

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ती निघाली. टॅबीला तिने तीनदा दोरा बांधून दाखवला होता आणि टॅबीने तो चारदा बांधून दाखवला होता. कांडी पुन्हा उत्तरेच्या भिंतीवर गेली होती. शेगडी विझवलेली होती.

कालच्या चढणीने तिचे गुडघे सुजले होते. बावन्न वर्षांच्या देहाला लागोपाठ दोन दिवस हार्थबरो मानवत नाही. पहिल्या पठारावर चुनखडीच्या फटींतून पाय सांभाळीत जाताना तिने दोनदा पाठीवरच्या पेटीला हात लावून पाहिला. नळी उलटी, पारा टोकाला घट्ट. पडली तर सारे संपले. दुसऱ्या पठाराच्या वर डोंगराने टोपी घातली होती, आणि आज ती काढण्याचा त्याचा विचार दिसत नव्हता. ढगात शिरताच चार पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. मेंढ्यांची वाट एके ठिकाणी फुटली. ती उजवीकडे गेली, कड्याशी आली, परतली. त्यात किती वेळ गेला हे पाहायला तिने घड्याळ काढले, तर त्याचे काटे सव्वानऊवर थांबलेले होते. रात्रभर भावाजवळ बसून राहिलेल्या तिला किल्ली द्यायचे सुचलेच नव्हते.

मग ती धावू लागली. त्या चढणीवर धावणे शक्य नसते; जे शक्य होते ते म्हणजे हातापायांवर रांगणे, आणि तिने ते केले. श्वास छातीत मावेना. सायलसने दोरी धरली असेल का? टॅबीच्या हातात दोरा असेल का? आणि आपण इथे, ढगात, मधल्याच कुठल्या तरी उंचीवर. जोथम, जरा थांब, ती मनात म्हणत होती. इतकी वर्षे थांबलास, आणखी थोडा.

चढण एकाएकी संपली. सपाट माथा. दगडांचा ढीग. तिने पेटी उघडली, तिपाई रोवली, नळी हळूहळू सुलटी केली आणि तिपाईला टांगली. पारा खाली घसरला, थरथरला, स्थिर झाला. तिने वरची कांडी दगडाच्या सावलीच्या बाजूला अडकवली आणि कान दिला.

वारा. दुसरे काही नाही.

वारा गावाकडून येत होता, एवढेच सुदैव. तिने डोक्यावरची शाल काढली. थंडीने कानांच्या पाळ्या जळू लागल्या. घंटा होऊन गेली असेल, या विचाराला तिने आत येऊ दिले नाही. तो दारातच उभा राहिला आणि हलेना. ती गुडघ्यांवर बसली, डोळे पाऱ्याच्या रेषेवर खिळवून. किती वेळ, तिला सांगता आले नसते.

आणि मग, खूप खालून, कोणी ओल्या कापडात गुंडाळून पाठवावा तसा एक ठोका आला.

दोन. तीन. चौथा वाऱ्याने अर्धा खाल्ला. पाच, सहा, सात. आठ.

शांतता.

तिने आठच मोजले होते. एक हरवला होता, पहिला किंवा शेवटचा. त्याला इलाज नव्हता. पण शांतता खरी होती, आणि त्या शांततेत दोन मैलांवर एक म्हातारी काळा दोरा आवळत होती. डॉर्कसने पाऱ्याची रेषा वाचली, पुन्हा वाचली, कांडी वाचली, आणि बधिर बोटांनी दोन्ही आकडे कागदावर उतरवले. अंदाज एकही नव्हता.

घंटा पुन्हा सुरू झाली. आता मास्तरांची वर्षे होती ती. तिने निघायला हवे होते, गाडीवान चारला जाणार होता. तरी पहिल्या काही ठोक्यांपुरते तिला उठवेना. सातव्या ठोक्याला आपला जन्म झाला, हे तिच्या ध्यानात आले. तेविसाव्याला तिने नळी उलटी करून पेटीत ठेवली आणि पेटीचा पट्टा आवळला. उरलेली पस्तीस वर्षे तिने उतरणीवर ऐकली. ढगातून खाली येताना ती एकेक करून स्पष्ट होत गेली, आणि अठ्ठावन्नाव्या ठोक्यानंतर घंटा थांबली तेव्हा तिने वाटेतच, पाऊल न थांबवता, मान लववली.

---

ती पोहोचली तेव्हा टॅबी दाराच्या चौकटीशी उभी होती. तिचे एक बोट नळीवर, काळ्या दोऱ्याच्या अगदी खाली टेकलेले होते.

"बोट का लावून ठेवलंस?"

"दोरा घसरला तर?" टॅबी म्हणाली. "एकदा चुकले ना मी. सायलसनं थांबवलं आणि मी बांधला. तेव्हापासून उभी आहे. बसायला सुद्धा गेले नाही."

दोन तास. डॉर्कसने ते बोट हलकेच बाजूला केले. ते काचेसारखे गार पडले होते. दोरा घसरला नव्हता. तिने मोजले, मग उत्तरेच्या भिंतीशी जाऊन कांडीवरचा दोरा मोजला : सेहेचाळीस. भावाच्या पायथ्याशी टेबलावर कागद पसरून ती गणिताला बसली. एकदा केले. पहिल्या गणिताकडे न पाहता दुसऱ्यांदा केले. घराच्या उंबरठ्याची समुद्रापासूनची उंची कालव्याच्या मोजणीवरून ठाऊक होती. ती तिने मिळवली. दोन हजार तीनशे एकोणसत्तर.

हवा शिरलेल्या जुन्या नळीने मास्तरांनी वर्षानुवर्षे काढलेल्या आकड्यांची सरासरी वहीच्या शेवटच्या पानावर होती. तिच्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता. ती होती दोन हजार तीनशे एकाहत्तर.

दोन फूट. डॉर्कसने वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून ती काही क्षण बसली. ते बरोबर होते. ते कधीचेच बरोबर होते, आणि हे सांगायला तिला कालचा एक दिवस कमी पडला होता.

मूळ कागदावर तिने काहीही लपवले नाही. गुरुवारच्या नोंदी लिहून, त्या का धरू नयेत ते लिहिले. शुक्रवारची वेळ, मृत्यूच्या घंटेतील नवव्या ठोक्यानंतरची; वर ऐकू आले आठ. वरचा निरीक्षक, डॉर्कस फॉसेट. खालचा निरीक्षक, टॅबिथा कॉकेट, आकड्यांऐवजी दोरा. मोजणी जोथम फॉसेट यांची. टॅबीने आपल्या नावापुढे फुली काढली. ती इतकी जपून काढली की सहीपेक्षाही अधिक वेळ लागला.

गाडीवान पिकर्सगिल घोड्याला पाणी पाजून निघण्याच्या बेतातच होता. पाकीट घेताना त्याने टोपी काढली.

"मास्तरांचं ऐकलं. वाईट झालं." त्याने पाकीट कोटाच्या आत सरकवले. "मग? किती भरला शेवटी?"

"दोन हजार तीनशे एकोणसत्तर फूट."

पिकर्सगिलने डोंगराकडे पाहिले. टोपी अजून उतरली नव्हती.

"एवढाच," तो म्हणाला. "मला तर आमच्या बापानं मैल सांगितला होता."

"हे पाकीट भिजू देऊ नका."

"बाई, मी भिजेन. ते नाही भिजायचं."

गाडी वळणाआड गेली. यॉर्कच्या त्या संपादकाला फुलीची सही चालेल की नाही, दोऱ्याची नोंद तो मानील की हसून बाजूला टाकील, हे तिला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. तिच्या हाती जे होते ते तिने दिले होते.

ती घरात आली. सायलस येऊन मास्तरांच्या उशाशी बसला होता. त्याने तिला पाहून जागा दिली. टॅबी ओटच्या पोळ्या आणि चीज मांडीत होती, कारण आता लोक येऊ लागणार होते. खिडकी अजून उघडी होती. टॅबीने डॉर्कसकडे पाहिले, तिने होकारार्थी मान हलवली, आणि टॅबीने खिडकी लावून घेतली.

डॉर्कस भावाच्या कानापाशी वाकली आणि तिने त्यांना आकडा सांगितला. सायलसने ऐकला असला तरी न ऐकल्यासारखे केले.

मग ती नळी उतरवायला उठली. पेटीत भरून लँकेस्टरला परत पाठवायची होती ती. काळा दोरा तिने सोडला नाही. दुपारपासून पश्चिमेकडे काळे भरून आले होते, आणि पारा एव्हाना त्या दोऱ्याच्या चांगला बोटभर खाली उतरला होता.